दहा मिलिग्रॅम

अकोल्यात मे महिन्यात ‘काल रात्री झोप लागली नाही’ असं कुणाला सांगितलं, तर समोरचा विचारपूस करत नाही; तो स्वतःची रात्र सांगायला लागतो. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की आमच्या जुन्या शहरात झोप ही ज्याची त्याची खाजगी बाब उरत नाही. संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओततात, निम्मं पाणी तिथल्या तिथे वाफ होऊन जातं आणि उरलेल्या ओलीवर गाद्या पडतात. खाली कूलरचा पंप बंद पडला की म्हातारी माणसंही एकेक करत वर येतात. मग अंधारात या गच्चीवरून त्या गच्चीवर बोलणं सुरू होतं. तुरीचा भाव, कुणाच्या पोरीचं जमलं, लाईन कधी येणार. मोर्णेकडून वारा आलाच तर डास घेऊन येतो. २०१८ च्या जानेवारीत अख्खं शहर त्या नदीतली जलकुंभी काढायला उतरलं होतं, पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये आमचं कौतुकही केलं. डासांनी तो कार्यक्रम ऐकला नसावा.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारची रात्र तर सांगायलाच नको. गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरून कावडी निघतात, अठरा किलोमीटर पायी चालत पहाटेपासून राजराजेश्वराच्या देवळाकडे येत राहतात, आणि ढोलांच्या आवाजानं फडताळातली भांडी थरथरतात. त्या रात्री जुन्या शहरात कुणी झोपलेलं आढळलं, तर त्यालाच बरं नाही का म्हणून विचारतात.

राजराजेश्वराची कथासुद्धा एका न झोपणाऱ्या बाईचीच आहे. अकोलसिंग राजाची राणी म्हणे रोज मध्यरात्री उठून महादेवाच्या पूजेला जायची. राजाला संशय आला, तो तलवार घेऊन मागे गेला. राणीनं देवाला हाक मारली, पिंड दुभंगली आणि ती आत गेली. बाहेर राहिला तो नुसता पदर. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला भक्तीचं कौतुक वाटायचं. आता वाटतं, बाई रात्री बाराला जागी आहे एवढं दिसल्यावर राजानं तलवार काढण्याआधी एकदा विचारायचं होतं, काय गं, झोप येत नाही का?

सांगायचं म्हणजे, जागं राहण्याला आमच्याकडे कुणाची हरकत नाही. फक्त त्याला कारण हवं. माझी पंचाईत अशी झाली की माझी झोप गेली ती डिसेंबरात. वऱ्हाडातली कोरडी थंडी, अंगावर दोन रजया, डास नाहीत, कूलर माळ्यावर, ढोल गोदामात, आणि मी रात्री अडीचला डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडलेली. शेजारी आमचे हे. यांची झोप हा एक स्वतंत्र विषय आहे, पण सुखी माणसाबद्दल लिहिण्यासारखं फार नसतं.

मी सहकारी बँकेत कॅशिअर होते. दिवसाची कॅश जुळल्याशिवाय उठायचं नाही, ही अख्ख्या नोकरीची सवय. निवृत्त झाल्यावर काउंटर गेला, हिशोब राहिला. रात्री तो आपोआप सुरू व्हायचा. गॅस बंद केला का, मुलाचा फोन रविवारी आला की शनिवारी, नोटबंदीच्या गर्दीत त्या म्हाताऱ्याला एक गठ्ठा परत मोजून दिला होता तो बरोबर होता का. रात्रीच्या हिशोबाला शिल्लक कधी जुळत नाही, आणि उठून घरीही जाता येत नाही, कारण आपण घरीच असतो.

गल्लीनं उपाय सांगितले. जायफळ उगाळून दुधातून. ते दूध म्हशीचं असलं तर उत्तम, असं चरकानंही लिहून ठेवलं आहे, हे मला आमच्या वैद्यबुवांनी सांगितलं. म्हशीच्या दुधानं मला झोप आली नाही, पण निदान पोट भरलं. काशाच्या वाटीनं तळपायाला तूप चोळून झालं. ‘शेगावले जाऊन या एकडाव,’ असं तिघींनी सांगितलं, तर तेही केलं. तिथल्या भक्तनिवासात छान झोप लागली, पण तिथेच राहायचं म्हटलं तर नातू काय म्हणेल. आणि मग गल्लीच्या तोंडाशी राहणारे निवृत्त कंडक्टर काका, त्यांनी खिशातून पट्टी काढली आणि नखानं गोळीचे दोन तुकडे करून एक माझ्या हातावर ठेवला. ‘अर्धीच घ्या. काही होत नाही.’

ही अर्धी गोळी वऱ्हाडात किती घरांत फिरते याची मोजदाद कुणी केलेली नाही. ती बहुतेक अल्प्राझोलाम असते. कधीतरी एका डॉक्टरनं एका माणसाला काही दिवसांपुरती लिहून दिलेली असते आणि पुढे ती त्याच्या मेहुण्याला, साडूला, शेजारणीला लागू होते. १ मार्च २०१४ पासून ती शेड्यूल एच-वनमध्ये आहे. म्हणजे औषधवाल्यानं चिठ्ठी पाहून, पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती द्यायची आणि वही तीन वर्षं सांभाळायची. कायदा पूर्ण गोळीसाठी आहे. अर्धी गोळी ओट्यावर बसून देतात, तिची वही नसते.

पहिल्या रात्री मी मेल्यागत झोपले. सकाळी उठल्यावर आनंद झाला आणि दुपारी भीती वाटली, कारण तेव्हापासूनच मी रात्रीच्या तुकड्याची वाट पाहायला लागले होते. काकांना विचारलं, तुम्ही कधीपासून घेता? म्हणाले, ‘नोकरीत होतो तवापासून.’ ‘बंद करून पाह्यली?’ ‘पाह्यली ना. तीन रात्री डोया नाही लागला. मंग म्हनलं, काऊन उगीच?’ मी कॅशिअर आहे, कर्ज फेडायला नवं कर्ज काढणारे खातेदार मी लांबून ओळखते. पुढचा तुकडा घेतला नाही.

डॉक्टरकडे जायचं ठरलं. कुठल्या, हा प्रश्न होता. आमच्या भागात डोकं दुखलं तर डॉक्टर असतो, आणि डोक्याचं दुखलं तर नागपूर असतं. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ सालचं आहे आणि रेल्वे नागपूरला पोचली १८६७ साली. म्हणजे गाडी सुरू होण्याआधीच वऱ्हाडातल्या सासवांकडे धमकी तयार होती. ‘नागपूरले न्या लागते इले’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले, आणि ज्यांच्याबद्दल ते बोललं जायचं त्यांतल्या निम्म्या बायकांना नुसती झोप हवी होती, असा माझा आता संशय आहे.

समोरच्या वयनी या बाबतीत सगळ्यांत ठाम. त्यांना शुगर आहे, तळपायाची आग होते, त्या स्वतः दर महिन्याला नदीपार मोठ्या डॉक्टरकडे जातात, पण मी ‘मानसोपचार’ हा शब्द काढताच त्यांनी आजूबाजूला पाहिलं. ‘पागलाच्या डॉक्टरकडं? तुम्हाले काय झालं वो? चांगल्या त हिंडूनफिरून राह्यल्या.’ आणि मग हळू आवाजात: ‘अन् त्याइच्या गोया म्हंजे जलमाच्या. सुटत नाहीत.’

मोर्णेच्या पश्चिमेला अकोला गाव आणि पूर्वेला ताजनापेठ, साहेबांचे बंगले, कचेऱ्या, ही विभागणी इंग्रजांच्या गॅझेटियरातही नोंदवलेली आहे. आजही कोर्ट, कलेक्टर, दवाखाने यांसाठी आम्ही नदीपार जातो. मला पहिल्यांदाच या भूगोलाचा फायदा कळला: तिकडे ओळखीचं कुणी नसेल. दवाखान्याच्या बाकावर बसले तर शेजारी आमच्याच बँकेतल्या एका खातेदारांच्या सूनबाई. दोघी एकदमच म्हणालो, ‘मी यांच्यासोबत आले.’ दोघींच्याही सोबत कुणी नव्हतं. मग आम्ही भिंतीवरचा टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, कागद वाचला. १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही. असा नंबर आहे हे मला ठाऊकच नव्हतं. खाते क्रमांक पाठ करायची सवय असल्यानं तो लगेच लक्षात राहिला.

डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे. मला वाटलं होतं, लहानपणापासून सुरू करतील. त्यांनी विचारलं, ‘काकू, गादीवर किती वाजता जाता?’

‘नऊला. सिरियल संपली की.’

‘उठता?’

‘सहाला. पण झोप चारच तास हो.’

‘नऊ ते सहा म्हणजे नऊ तास. चार झोपेचे. बाकीचे पाच तास काय करता?’

‘हिशोब.’

त्यांनी ते लिहून घेतलं. मग दुपारची डुलकी, संध्याकाळचा चहा, घोरणं, थायरॉइड, बीपी, गोळ्या कुठल्या. मग भूक कशी, रडू येतं का, पूर्वी आवडायचं ते आता आवडेनासं झालंय का. आणि त्याच आवाजात, बीपी विचारावं तसं नाही पण आवाज न बदलता, ‘जगणं नको असं कधी वाटतं का?’ मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. पण या प्रश्नानं मी थोडी हबकले, हे त्यांनी पाहिलं. म्हणाले, विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट ज्याच्या डोक्यात आहे त्याला बोलायला जागा मिळते. आणि आपल्या भागात तर विचारायलाच हवं.

मग त्यांनी शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ‘विश्राम’ प्रकल्पाबद्दल सांगितलं. तीस गावांत, गावातल्याच माणसांना शिकवून, त्यांच्यामार्फत नैराश्याची विचारपूस करायचं ते काम. आधी नैराश्य असलेल्या शंभरांतली जेमतेम चार माणसं कुणाकडे मदत मागायला जात होती, नंतर सत्तावीस जायला लागली. २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त ते छापून आलं. मला त्या शंभरातल्या उरलेल्या त्र्याहत्तरांची जास्त आठवण राहिली. त्यांच्याही गल्लीत कुणीतरी कंडक्टर काका असतील.

तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, ‘तुम्हाला नैराश्याचा आजार दिसत नाही. पण एक जुनी गोळी आहे, नैराश्यावरचीच. अगदी थोडी देऊन पाहता येईल.’

मी म्हटलं, ‘आजार नाही, अन् गोळी मात्र त्या आजाराची. हे कुठल्या खात्यात टाकायचं?’

ते हसले. त्यांच्याकडे वेळ होता की माझ्याकडे पाहून त्यांनी तो काढला, माहीत नाही, पण त्यांनी जे सांगितलं ते आणि पुढे मी स्वतः वाचून काढलं ते मिळून अशी ही हकिकत आहे.

स्वित्झर्लंडमध्ये म्युन्स्टरलिंगेन नावाच्या गावी तळ्याकाठी वेड्यांचं इस्पितळ होतं. तिथे रोलान्ड कून नावाचे डॉक्टर. १९५० च्या सुमाराला बासेलच्या गायगी कंपनीनं त्यांच्याकडे आपलं एक अँटिहिस्टामिन, म्हणजे सर्दी-खाजेच्या घराण्यातलं औषध, पाठवलं: यानं झोप येते का बघा. झोपेचं औषध म्हणून ते काही चाललं नाही. पुढे त्याच घराण्यातलं दुसरं औषध स्किझोफ्रेनियावर चालतं का ते पाहिलं, तिथेही नापास. मग १९५६ च्या जानेवारीत ते खोल नैराश्यातल्या पेशंटांना द्यायला सुरुवात झाली, आणि ती माणसं उठून बसली, बोलायला लागली. हीच इमिप्रामिन. १९५७ साली झ्युरिकच्या जागतिक परिषदेत कून यांनी हे सांगितलं तेव्हा समोर डझनभर माणसं होती म्हणतात. (त्या पेशंटांना विचारून औषध दिलं जात होतं का, यावर स्वित्झर्लंडमध्ये २०१९ साली जाडजूड अहवाल निघाला आहे. नव्हतं, असंच त्यातून दिसतं. जगातल्या पुष्कळशा गोळ्यांच्या मुळाशी असा कुणीतरी न विचारलेला माणूस असतो, आणि आपण पट्टी फोडताना त्याची आठवण ठेवत नाही.)

इमिप्रामिनच्या मागोमाग अमिट्रिप्टिलीन, डॉक्सेपिन ही भावंडं आली. नैराश्यावर त्यांनी काम चोख केलं, पण स्वभाव सर्दीच्या गोळीचा राहिला. मेंदूत हिस्टामिन नावाचं रसायन आपल्याला जागं ठेवतं. या गोळ्या त्यालाच अडवतात. पंच्याहत्तर ते दीडशे मिलिग्रॅम घेणारा नैराश्याचा पेशंट तक्रार करायचा, डॉक्टर, दिवसभर पेंग येते. पुढे फ्लुऑक्सेटीनच्या पिढीच्या गोळ्या आल्या, पेंग न आणणाऱ्या, आणि जुन्यांची मागणी घटली. पण ती पेंग कुणालातरी हवी होतीच की! मग दीडशेच्या जागी दहा मिलिग्रॅम देऊन, जो गुण दोष म्हणून नोंदवला गेला होता तेवढाच कामाला लावला. आमच्या बँकेतून निवृत्त झालेले एक शिपाई आता एका सोसायटीच्या फाटकावर रात्री बसतात. नोकरीत असताना त्यांना रात्री झोप न येण्याबद्दल मेमो मिळायचे, कारण सकाळी ते टेबलावर पेंगायचे. या गोळ्यांची नेमणूक मला तशीच वाटली.

गंमत अशी की ज्या घराण्याला झोपेच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास केलं, तेच साठ-सत्तर वर्षांनी झोपेच्याच खात्यात परत रुजू झालं. डॉक्सेपिनला तर २०१० साली अमेरिकेत तीन आणि सहा मिलिग्रॅमच्या चिमुकल्या डोसात झोपेचं औषध म्हणून रीतसर परवानगीही मिळाली. नैराश्यावरचीच मिर्टाझापिन आणखी तऱ्हेवाईक: कमी डोसात झोपेचा गुण ठळक, डोस वाढवला की तो उलट फिका पडतो असा पुष्कळ डॉक्टरांचा अनुभव. आणि ट्रॅझोडोन, १९८१ पासून अमेरिकेत आहे आणि तिथे झोपेसाठी भरमसाट लिहिली जाते.

‘म्हणजे पक्कं काम करतात?’ मी विचारलं.

इथे मला हे डॉक्टर आवडले. ते म्हणाले, ‘पक्कं म्हणता येत नाही.’ अमेरिकेतल्या झोपेच्या तज्ज्ञांच्या संस्थेनं २०१७ साली झोपमोडीसाठी डॉक्सेपिन चालेल असं सुचवलं, ट्रॅझोडोन नको असं सुचवलं. २०१८ साली कोक्रेन नावाच्या संस्थेनं जगभरचे प्रयोग गोळा करून पाहिले; डॉक्सेपिन आणि ट्रॅझोडोनचा थोडाफार फायदा दिसला, आणि अमिट्रिप्टिलीन, जी सगळे डॉक्टर सर्रास लिहितात, तिच्याबद्दल धड प्रयोगच सापडला नाही.

‘मग देता कशाला?’

‘पेटंट संपलेल्या स्वस्त गोळीवर प्रयोग करायला पैसे कोण लावणार, काकू? तपासलं नाही म्हणजे चालत नाही असं नव्हे. आणि दुसरं म्हणजे, अल्प्राझोलाम सोडवायला माझे फार दिवस जातात. ही गोळी त्या तऱ्हेनं धरून ठेवत नाही. बंद करतानाही हळूहळूच करायची, पण सुटते.’

बँकेत कुणी व्यवस्थापक ‘या योजनेबद्दल मला खात्री नाही’ असं ग्राहकाला म्हणालेला मी पाहिला नव्हता. माझा विश्वास तिथेच बसला.

मग त्यांनी माझी झडती घेतली. काचबिंदू आहे का? लघवीला अडतं का? (हे पुरुषांना जास्त विचारतात, आमच्या यांना दिली असती तर प्रॉस्टेटवरून अडली असती.) छातीत धडधड, आधीचा ईसीजी, बद्धकोष्ठ? बद्धकोष्ठाबद्दल मी सविस्तर सांगायला लागले तर त्यांनी हात जोडले. तोंड कोरडं पडेल. भूक वाढेल, वजन बघा. सकाळी जडपणा राहील म्हणून रात्री उशिरा नको, जरा आधीच घ्या. रात्री उठताना एकदम उठायचं नाही, चक्कर येऊन पडाल आणि मग झोप राहील बाजूला, खुबा बघावा लागेल. आणि शेवटचं त्यांनी पेन खाली ठेवून सांगितलं: घरात नातू आहे ना, तर पट्टी कुलपात. या जुन्या गोळ्या थोड्याशाच घेतल्या तर गरीब आहेत, पण एकदम मूठभर पोटात गेल्या तर हृदय बंद पाडतात. मी सगळं लिहून घेतलं. कुलपाबद्दल त्यांना काळजी नको होती. उभी हयात मी किल्ली कमरेला लावूनच वावरले.

पण गोळी त्या दिवशी मिळाली नाहीच. आधी म्हणाले, काही आठवडे नऊला गादीवर जायचं नाही. बाराला जायचं, सहाला उठायचं, दुपारी आडवं व्हायचं नाही. झोप आली नाही तर गादीवरून उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, गादी हिशोबासाठी नाही. ही काही त्यांच्या डोक्यातून आलेली युक्ती नव्हती. बूटझिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७२ साली आणि स्पीलमननं १९८७ साली ती मांडली, आणि गोळीच्या आधी हीच करावी असं आता मोठमोठ्या संस्था सांगतात. मी घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, ‘झोप येत नाही म्हणून गेलीस, अन् झोपू नको सांगायचे त्यानं पैसे घेतले?’

ते आठवडे बिकट गेले. जुन्या शहरात रात्री दहानंतर एकट्या बाईनं जागं राहून करायचं काय? टीव्ही नको म्हणून सांगितलेलं. मी फडताळं आवरली, जुन्या पासबुकांच्या तारखा लावल्या, दूरवर एक्स्प्रेस गाड्यांचे भोंगे ऐकले. झोपेची वही ठेवायला सांगितली होती, ती मी ठेवली. गादीवरचे तास, झोपेचे तास, जागेपणाचे तास, आणि खाली दुहेरी रेघ. ती पाहून डॉक्टर म्हणाले, ‘मला बेरीज नको होती काकू, अंदाज हवा होता.’ अंदाजे काही लिहायचं म्हणजे माझ्या हाताला कापरं भरतं, हे त्यांना कसं सांगणार?

झोप सुधारली, पण पहाटे तीनचा हिशोब काही सुटेना. तेव्हा मग दहा मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलीन, थोड्या मुदतीसाठी, पुन्हा दाखवायच्या बोलीवर.

चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेले. नदीपारच घेणार होते, पण सुट्टे नव्हते, म्हणून आमच्याच चौकातल्या दुकानात. मुलानं चिठ्ठी वाचली, पट्टी काढली आणि माझ्या तोंडाकडे पाहून आपण होऊन म्हणाला, ‘नसांची आहे ना काकू? अर्धशिशीलेही देतात.’ त्यानं मला पळवाट दिली होती आणि मी ती घेतली. घरी यांनी चश्मा लावून मोबाइलवर गोळीचं नाव टाकलं, ‘नैराश्य’ एवढंच वाचलं, आणि दोन दिवस माझ्याशी फार प्रेमानं वागले. चहा करून दिला. मी काही समजावून सांगितलं नाही. चहा चांगला होता.

झोप आली. पहिल्या रात्री नव्हे, हळूहळू. हिशोब सुरू व्हायचा, पण तिसऱ्या-चौथ्या नोंदीला पुसट व्हायचा.

फाल्गुनात वयनींकडे हळदीचं लोणचं द्यायला गेले. त्या तळपायाला काहीतरी चोळत बसल्या होत्या. बाजूला औषधांचा डबा उघडा, झाकणावर रात्रीच्या गोळ्या मांडलेल्या. शुगरची, बीपीची, आणि एक बारीकशी पट्टी. आकडा आणि नाव मी लांबून वाचलं. कॅशिअरचे डोळे अजून बरे आहेत.

‘ही कशाची वो वयनी?’

‘हे? नसाइची. पायाच्या आगीची. मोठ्या डॉक्टरनं देल्ली, दोन वर्षं झाले.’ आणि मग विषय निघाल्यासारखं, ‘तुमचं काय झालं वो, गेल्या होत्या त्या पागलाच्या डॉक्टरकडं?’

‘गेले होते,’ मी म्हटलं. ‘आग कमी झाली का हिच्यानं?’

वयनींनी पट्टी हातात घेऊन पाहिली. ‘आगीचं मले नाही सांगता येत बाप्पा. पन झोप अशी लागते, का सकाई दूधवाला बेल वाजवून वाजवून वापस जाते.’

‘तोंड कोरडं नाही पडत?’

‘पडते ना,’ वयनी म्हणाल्या. ‘अकोल्यात कोनाचं नाही पडत?’